नेदरलँड्सच्या ग्रामीण भागात घर घेताना: भिंतींच्या आधी जमिनीचे कागद

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघेही आइंडहोवन-वेल्डहोवन भागात नोकरीला, एकाचं वय 33, दुसऱ्याचं 36. शहरातल्या रांगेतल्या घराच्या किमतीत बर्खाइक, एर्सेल, सोमेरेन, आस्टेन अशा ग्रामीण खेमेंतेमध्ये (नगरपालिकेत) जुनं लांबट शेतघर मिळतंय. मागे पत्र्याची शेड आणि 6,000 चौरस मीटर कुरण आहे. मागितलेली किंमत 5,20,000 युरो. घ्यावं का, आणि घेताना काय बघावं?

घ्यायला काहीच हरकत नाही. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, इथे तशी अट नाही. परदेशी नागरिकालाही जमीन आणि घर घेता येतं. पण शहरातल्या घराची जी पद्धत मित्रांकडून ऐकलेली असते, म्हणजे घर बघा, बोली लावा, मग तपासणी करा, ती इथे उलटी करावी लागते. खेड्यातल्या घरात खरी गोम भिंतीत क्वचित असते. ती जागेच्या मंजूर वापरात, शेजारच्या गोठ्यात आणि मागच्या जमिनीत असते. हे तिन्ही बोली लावण्याआधी, घरबसल्या, जवळपास फुकट तपासता येतं. बोली स्वीकारली गेल्यावर मात्र वेळ फार कमी उरतो.

जागेचा मंजूर वापर

पहिलं काम म्हणजे सरकारी संकेतस्थळ ओम्खेविंग्सलोकेट उघडून ‘रेखल्स ऑप द कार्ट’ (नकाशावरचे नियम) या भागात घराचा पत्ता टाकणं. 1 जानेवारी 2024 पासून नवा पर्यावरण व नियोजन कायदा लागू झाला आणि जुन्या बेस्टेमिंग्सप्लानची (जमीनवापर आराखड्याची) जागा ओम्खेविंग्सप्लानने (नव्या कायद्याखालच्या आराखड्याने) घेतली. जुने आराखडे संपलेले नाहीत. ते नव्या आराखड्याचा तात्पुरता भाग म्हणून चालू आहेत आणि खेमेंतेंना सगळं नव्यात बसवायला 2032 सुरू होईपर्यंत मुदत आहे. त्यामुळे नकाशावर एकाच पत्त्यावर दोन-तीन थर दिसतात. सगळे वाचायचे.

नकाशात घराखालची जागा ‘वोनेन’ (निवास) असेल तर निम्मं काम झालं. ‘अग्रारिश’ (शेती) किंवा ‘बेड्राइफ’ (व्यवसाय) दिसलं तर थांबायचं. आपल्याकडे एनए न झालेल्या जमिनीवरच्या बंगल्याचं जे दुखणं असतं, त्याच जातीचं हे दुखणं आहे. असं घर कागदोपत्री बेड्राइफ्सवोनिंग असतं, म्हणजे तिथला शेतीव्यवसाय चालवणाऱ्याने राहायचं घर. मूळ शेतकरी वीस वर्षांपूर्वी निवृत्त झाला असेल, तो तिथेच राहत असेल, कोणी तक्रारही केली नसेल. तुम्ही, म्हणजे शेती न करणारे, राहायला आलात की ते नियमबाह्य राहणं ठरतं. खेमेंते दंडाच्या धमकीसह आदेश काढू शकते. त्याआधीच बँक कर्जाला नाही म्हणेल, कारण विकायची वेळ आली तर असं घर फक्त शेतकऱ्यालाच विकता येतं आणि किंमत पडते.

‘वापर बदलून घेता येईल, खेमेंते सहकार्य करते,’ असं विक्रेत्याचा माकेलार (दलाल) म्हणाला तर ते लेखी मागा. बदलासाठी आधी प्राथमिक विचारणा (प्रिन्सिपेफरझूक) करतात, मग आराखड्याबाहेरच्या वापराची परवानगी. साध्या प्रकरणाची वैधानिक मुदत 8 आठवडे, आणखी 6 आठवडे वाढवता येते. पण आवाज, वास, माती यांचे अहवाल जोडायचे असतात, तेव्हा प्रत्यक्षात महिने जातात. हे काम विक्रेत्याने पूर्ण करून द्यावं, किंवा परवानगी अंतिम झाल्याशिवाय करार बंधनकारक नाही अशी अट करारात घालावी. तिसरा मार्ग धरू नका.

‘वोनेन’ दिसलं तरी नियमांचा मजकूर उघडून वाचा, नुसता नकाशातला रंग बघून थांबू नका. तीन गोष्टी शोधायच्या. एक, बाउफ्लाक, म्हणजे बांधकामाला परवानगी असलेला चौकोन. मागची शेड त्याच्या बाहेर असेल तर ती पडल्यावर पुन्हा बांधता येईलच असं नाही. दोन, जोडइमारतींची कमाल चौरस मीटर मर्यादा. जुन्या गोठ्यांनी ती कधीच ओलांडलेली असते आणि मग साधा कारपोर्टही मंजूर होत नाही. तीन, सगळ्यात चुकणारी गोष्ट, सशर्त बंधन. ब्राबांटमध्ये, म्हणजे ही गावं ज्या प्रांतात येतात तिथे, जुने गोठे पाडण्याच्या बदल्यात निवासाचा हक्क दिलेली बरीच घरं आहेत. नियमात असं वाक्य असतं: अमुक शेड पाडल्या आणि परिशिष्टातल्या आराखड्याप्रमाणे कुंपणझाडं लावून टिकवली, तरच निवासी वापर मान्य. विक्रेत्याने शेड ठेवून दिली असेल आणि झाडं लावलीच नसतील, तर नियमभंग तुमच्या नावावर येतो, कारण बंधन जागेला चिकटलेलं असतं. परिशिष्टातला झाडांचा नकाशा छापून घ्या आणि घर बघायला जाताना बरोबर न्या. बीचच्या झाडांची रांग कागदावर आहे आणि जागेवर नाही, हे पाच मिनिटांत कळतं.

उन्हाळी घरं हा स्वतंत्र सापळा आहे. जंगलाजवळ स्वस्त दिसणारं घर रेक्रिआत्सीवोनिंग असेल, तर तिथे कायम राहायला बंदी असते. नगरपालिकेच्या नोंदवहीत तो पत्ता लागला म्हणजे राहायची परवानगी मिळाली असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

शेजार

केंपन आणि पेल (वर सांगितलेली गावं याच भागांत येतात) हा डुक्कर, कोंबडी, बकरी आणि दुभत्या जनावरांचा दाट पट्टा आहे. शनिवारी दुपारी वारा उलटा असताना घर बघितलं तर काहीच कळत नाही. नकाशावर भोवतालच्या एक-दोन किलोमीटरमधले शेतीव्यवसाय शोधा, प्रत्येकाची परवानगी किती आणि कोणत्या जनावरांची आहे ते खेमेंतेकडे विचारा. परवानगी आणि आज असलेली जनावरं वेगळी असू शकतात. रिकामा दिसणारा गोठा चालू परवानगीवर उद्या भरू शकतो.

पूर्वीच्या शेतघराला वासाच्या नियमांत साध्या घराइतकं संरक्षण नसतं. जे घर 19 मार्च 2000 रोजी किंवा नंतर पशुपालन व्यवसायातून वेगळं झालं, त्याला वासाच्या मोजमापाची मर्यादा लागत नाही, फक्त ठरावीक अंतर लागतं: वस्तीबाहेर 50 मीटर, वस्तीत 100 मीटर. ‘प्लाटेलांड्सवोनिंग’ असा शिक्का असलेल्या घराला तर ज्या शेताचं ते मूळचं घर, त्या शेताच्या वास-आवाजापासून संरक्षण जवळपास नाहीच. ही सोय 1 जानेवारी 2013 पासून आहे. निवृत्त शेतकऱ्याने घर तेवढं विकलं आणि शेजारचा गोठा मुलगा चालवतो, अशा ठिकाणी हा शिक्का हमखास सापडतो. कायद्याने चूक काहीच नाही, पण तक्रार करायला जागा उरत नाही हे घेताना माहीत असावं.

बकऱ्यांच्या फार्मपासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांत न्यूमोनियाचं प्रमाण जास्त आढळलं आहे. त्यामुळे ब्राबांट प्रांताने 2017 मध्ये नव्या बकरी फार्मवर बंदी आणली. जुने आहेत ते आहेत. घरात दम्याचं माणूस किंवा लहान बाळ असेल तर हे अंतर मी किमतीइतकंच महत्त्वाचं मानतो. फळबागा किंवा फुलांचे कंद लागूनच असतील, तर फवारणीचं अंतरही विचारा. घर आणि फवारलं जाणारं शेत यांत साधारण 50 मीटर ठेवण्याचा संकेत नियोजनात आणि न्यायालयात वापरला जातो, पण तो मुख्यतः नव्या घरांच्या मंजुरीसाठी. आधीच उभ्या असलेल्या तुमच्या घराला तो आपोआप वाचवत नाही.

मागचं कुरण: फायदा कमी, प्रश्न जास्त

6,000 चौरस मीटर ऐकायला छान वाटतं. करात मात्र ते घराचा भाग धरलं जाईलच असं नाही. स्वतः राहायच्या घरावर हस्तांतरण कर 2 टक्के. बाग, गॅरेज, घराजवळची छोटी शेड अशा घराच्या सेवेतल्या गोष्टींनाही तोच दर. कुंपणापलीकडचं, शेजारी शेतकरी गवत कापतो असं कुरण घराचं अंग मानलं जात नाही. त्यावर 10.4 टक्के. शेतजमिनीला करमाफी आहे, पण ती जमीन व्यवसाय म्हणून 10 वर्षं कसली तर. दोन घोडे किंवा चार मेंढ्या पाळणं यात बसत नाही. मोठ्या रिकाम्या डुक्करशेडचाही हाच प्रश्न येऊ शकतो.

तुमच्या उदाहरणात घर आणि अंगण 4,60,000, कुरण 60,000 धरू. 35 वर्षांखालच्या खरेदीदाराला आयुष्यात एकदा पूर्ण माफी मिळते, घराची किंमत मर्यादेत असेल तर. ही मर्यादा 2025 मध्ये 5,25,000 होती, 2026 मध्ये 5,55,000 आहे. माफी माणसागणिक बघतात, त्यामुळे 33 वर्षांच्या जोडीदाराचा अर्धा हिस्सा शून्य, 36 वर्षांच्या जोडीदाराच्या 2,30,000 वर 2 टक्के म्हणजे 4,600. कुरणावर 10.4 टक्के म्हणजे 6,240, आणि तिथे वयाची माफी नाही. एकूण 10,840. सगळंच घर समजून हिशेब केला असता तर 5,200 आले असते. म्हणजे दुपटीहून अधिक फरक, आणि हा पैसा कर्जातून मिळत नाही. करारातच घर आणि जमीन यांची किंमत वेगळी लिहून घ्या, आणि तो विभाग मूल्यांकन अहवालाशी जुळू द्या. कुरणाला मुद्दाम हजार युरो किंमत लावली तर करखातं ती मान्य करत नाही.

दुसरा प्रश्न, तिथे आज कोण राबतो? शेजारी वर्षानुवर्षं गवत कापतोय, थोडे पैसे देतोय, कागद नाही. नेदरलँड्समध्ये तोंडी खंडकरारही खंडकरारच ठरू शकतो, आणि नियमित खंडकऱ्याला विक्रीत पहिला हक्क असतो, शिवाय त्याला काढणं फार अवघड. करारात ‘पाख्तफ्राय’, म्हणजे खंडमुक्त, असं विक्रेत्याकडून लिहून घ्या, आणि वापर करणाऱ्या शेतकऱ्याची सही असलेलं दोन ओळींचं पत्रही घ्या की माझा हक्क नाही. ज्याची सही मिळत नाही, तिथे हक्क आहे असंच समजा.

काडास्टर (जमीन नोंदणी कार्यालय) कडून मालकीची माहिती आणि शेवटचं खरेदीखत काही युरोंत ऑनलाइन मिळतं. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बघतो तसं इथे वहिवाटीचा रस्ता (रेख्त फान ओवरपाड), वीज-गॅस वाहिनीचा हक्क, पुढच्या प्रत्येक खरेदीदारावर टाकायची साखळी-अट, आणि खेमेंतेचा प्राधान्यहक्क शोधायचा. मागच्या कुरणात जायचा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जाणार असेल तर ते जुन्या खतात असतं, जाहिरातीत नसतं. नकाशावरची हद्द आणि कुंपण जुळतात का तेही बघा. खेड्यात कुंपण सोयीने सरकलेलं असतं आणि 20 वर्षांनी त्यावरून हक्क सांगितला जाऊ शकतो.

माती, छप्पर, सांडपाणी

या भागात एक खास गोष्ट आहे जी बाहेरच्या माणसाला माहीत नसते: झिंकासन, जस्ताच्या कारखान्याची राख. बुडेल-डॉर्पलाइनला 1892 मध्ये जस्त कारखाना सुरू झाला. भट्टीतून निघणारी स्लॅग आणि राख दशकानुदशकं फुकट मिळायची, आणि लोकांनी ती शेतरस्ते आणि अंगणं घट्ट करायला पसरली. 1973 मध्ये प्रक्रिया बदलल्यावर ती निघायची थांबली, पण जिथे पसरली तिथे ती आजही आहे. अंगणातल्या विटांखाली किंवा खडीखाली काळपट-तांबूस, खरखरीत, वितळून गोठल्यासारखे खडे दिसले तर संशय घ्या. त्यात कॅडमियम, शिसं, जस्त असतं. इथल्या आम्लधर्मी वाळूत कॅडमियम पालेभाज्यांत सहज चढतं. मागे मेथी-पालकाचा वाफा करायचं मनात असेल तर हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. बोडेमलोकेट या माती-माहितीच्या संकेतस्थळावर पत्ता टाका, खेमेंते आणि तिथली पर्यावरण सेवा यांच्याकडे जुने माती अहवाल मागा. काहीच नसेल तर करारात माती तपासणीची अट ठेवून अंगण आणि परसातून नमुने घ्यायला लावा. जमिनीखाली जुनी तेलाची टाकी असेल तर ती रिकामी, साफ करून भरल्याचं ‘कीवा’ या प्रमाणन संस्थेचं प्रमाणपत्र हवं.

शेडच्या नालीदार पत्र्यांकडे वर बघा. 1994 पूर्वीचे राखाडी सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे आहेत असंच धरून चला. ॲस्बेस्टॉसची छपरं काढण्याची सरसकट सक्ती 2019 मध्ये वरिष्ठ सभागृहात नामंजूर झाली, त्यामुळे ती ठेवणं बेकायदा नाही. पण विमा कंपन्या असं छप्पर नाकारतात किंवा भरपाई कमी करतात, आणि आग लागली तर परिसर साफ करण्याचा खर्च घराच्या किमतीला भिडू शकतो. स्क्रूने बसवलेले अखंड पत्रे 35 चौरस मीटरपर्यंत स्वतः काढता येतात, आधी खेमेंतेला सूचना देऊन. त्यापुढे प्रमाणित कंपनीच लागते. शेड 300 चौरस मीटरची असेल तर आधी कोटेशन घ्या आणि तेवढी रक्कम बोलीतून वजा करा. करारातलं ॲस्बेस्टॉस कलम सगळी जबाबदारी तुमच्यावर ढकलतं, त्यामुळे नंतर भांडायला जागा राहत नाही.

गवताच्या (रीत) छपराचं घर आवडलं असेल तर बोली लावण्याआधी विम्याचं कोटेशन घ्या. सगळ्या कंपन्या घेत नाहीत, हप्ता जास्त असतो, आणि चिमणी व इलेक्ट्रिक वायरिंग तपासणीची अट असते.

सांडपाणी. गावठाणाबाहेर साधी गुरुत्वाची गटार नसते. बहुधा दाबाची गटार असते: अंगणात एक खड्डा, त्यात पंप, वर तांबडा दिवा. पंप खेमेंतेचा, पण घरापासून खड्ड्यापर्यंतची वाहिनी तुमची. यात पावसाचं पाणी जोडायला मनाई आहे. जुन्या घरांत छपराच्या पन्हाळी हमखास त्यात सोडलेल्या असतात. जोराच्या पावसात पंप दमतो आणि मैला न्हाणीघरातून वर येतो. पन्हाळीचं पाणी कुठे जातं हे विचारा आणि बादलीभर पाणी ओतून स्वतः बघा. गटारजोडणीच नसेल तर स्वतःची प्रक्रिया टाकी हवी. छोट्या घरासाठी सुधारित सेप्टिक टाकी किमान 6 घनमीटरची लागते. जुनी दीड-दोन घनमीटरची विटांची टाकी आणि पाणी थेट चरात, हे चालत नाही, आणि ती बदलण्याचा खर्च तुमच्याकडे येतो.

बांधकाम तपासणी (बाउकुंडिखे केऊरिंग) 400 ते 700 युरोंत होते आणि ती करायचीच. पण ती डोळ्यांनी होणारी तपासणी आहे. निरीक्षक फरशी उचलत नाही. त्याला आधीच सांगा: घराखालच्या पोकळीत शिरून तुळयांची टोकं बघ, कीड टोचून बघ, 1960 पूर्वीचं घर असेल तर पाण्याची शिशाची नळी आहे का बघ, आणि एकेरी विटांच्या गोठ्याच्या भागाचं ‘निवासी’ रूपांतर परवानगीने झालंय का तेही लिही. केंपनमध्ये घरं वाळूवर उथळ पायावर आहेत, त्यामुळे पश्चिमेकडच्या पीट जमिनीसारखी लाकडी खांब कुजण्याची भीती इथे फारशी नसते. ओल मात्र जवळपास प्रत्येक शेतघरात असते. हाच शोध फ्रीसलांड किंवा ग्रोनिंगनच्या खेड्यात करत असाल तर क्रम बदलतो. तिथे आधी पाया. ग्रोनिंगनमध्ये शिवाय गॅस उपशाच्या भूकंपांची भरपाई आणि मजबुतीकरणाची फाइल मागायची, आणि मूल्यघटीचे पैसे जुन्या मालकाने आधीच घेतलेत का ते विचारायचं.

वीज जोडणी 1×35 की 3×25 अँपिअर ते मीटरपेटीवर बघा. हीट पंप आणि गाडीचा चार्जर लावायचा असेल तर मोठी जोडणी लागू शकते, आणि जाळं भरलेल्या भागांत त्यासाठी रांग आहे. ‘सोलारमुळे बिल शून्य’ हे वाक्य सोडून द्या. 1 जानेवारी 2027 पासून जाळ्यात दिलेली वीज बिलातून वजा करण्याची सोय बंद होत आहे.

पैसा

बँक घराच्या मूल्यांकनाच्या 100 टक्क्यांपर्यंत कर्ज देते, ऊर्जाबचतीच्या कामांसाठी 106 पर्यंत. कर, नोटरी, सल्लागार, मूल्यांकन, तपासणी, स्वतःचा माकेलार हे सगळं खिशातून. तुमच्या उदाहरणात कर 10,840 धरून एकूण वीस-बावीस हजार युरो तयार ठेवा, आणि मूल्यांकनापेक्षा जास्त बोली लावली तर तो फरकही त्यावर. सरकारी कर्जहमीची (एनएचजी) मर्यादा 2026 मध्ये 4,70,000 आहे, त्यामुळे 5,20,000 च्या घराला ती मिळत नाही.

ग्रामीण घरात दोन अडचणी वाढतात. बऱ्याच बँका कुरण तारणात धरत नाहीत किंवा ठरावीक मर्यादेपर्यंतच धरतात. आणि कुरणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाला घराच्या व्याजाची करवजावट नाही, ती जमीन ठेवी-गुंतवणुकीच्या बॉक्स 3 मध्ये जाते. म्हणून सल्लागाराला पहिल्याच भेटीत जमिनीचं क्षेत्र आणि मंजूर वापर सांगा, फक्त किंमत सांगू नका. तात्पुरत्या निवास परवान्यावर असाल तर काही बँका कमी टक्के देतात, आणि नोकरी कायम नसेल तर नोकरी देणाऱ्या कंपनीचं हेतुपत्र मागतात.

आईवडील भारतातून मदत करणार असतील तर निदान दोन महिने आधी सुरुवात करा. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात. 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक टीसीएस (पाठवतानाच गोळा होणारा कर) कापते, तो त्यांना विवरणपत्रात वळता होतो. देणारा भारतात राहतो, म्हणून नेदरलँड्सचा बक्षीस कर लागत नाही. पण बँक आणि नोटरी दोघेही पैशाचा उगम विचारतात. बक्षीसपत्र आणि आईवडिलांच्या खात्याचे उतारे इंग्रजीत तयार ठेवा, आणि पैसे आधी स्वतःच्या डच खात्यात आणा. भारतातून थेट नोटरीच्या खात्यात पाठवलेली रक्कम बहुधा परत जाते.

परत भारतात जायचा विचार कधीतरी असेल तर हेही बघा: बँकेच्या परवानगीशिवाय घर भाड्याने देता येत नाही, आणि काही खेमेंतेंत खरेदीनंतरची पहिली चार वर्षं घर भाड्याने देण्यावर स्वतंत्र बंदी असते. ‘जाताना भाड्याने देऊ’ हे गृहीत धरून हिशेब करू नका.

बोली, करार, नोटरी

ग्रामीण घरासाठी स्वतःचा माकेलार घ्या, आणि तो शेती व ग्रामीण मालमत्तेचं काम करणारा असावा. शहरातला माकेलार कितीही चांगला असला तरी सशर्त बंधनं आणि खंडकरार त्याच्या रोजच्या कामात नसतात.

बोली लेखी द्या आणि अटी त्यातच लिहा. तोंडी होकारानंतर अट घालता येत नाही असं नाही, पण विक्रेता मग नाही म्हणू शकतो. किमान तीन अटी हव्यात: कर्ज, बांधकाम तपासणी आणि माती. तपासणीची अट आकड्यात लिहा: ‘तातडीच्या दुरुस्तीचा अंदाज 10,000 युरोपेक्षा जास्त आला तर खरेदीदार करार रद्द करू शकतो.’ आकडा नसलेल्या अटीवर वाद होतो. कर्जासाठी मुदत नेहमीपेक्षा मोठी, आठ आठवडे मागा, कारण कुरण असलेल्या घराचं मूल्यांकन आणि बँकेचा निर्णय दोन्ही रेंगाळतात. कर्ज नाकारलं गेलं तर बँकेचं नकारपत्र मुदतीच्या आत, लेखी, विक्रेत्याच्या माकेलारकडे आणि नोटरीकडे पोहोचलं पाहिजे. एक दिवस उशीर झाला की 10 टक्के, म्हणजे 52,000 युरो दंडाचा प्रश्न उभा राहतो.

दोघांनी सही केलेल्या कराराची प्रत हातात आल्यावर दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस तुम्हाला विनाकारण माघार घेता येते. त्यातले निदान दोन दिवस कामाचे असावे लागतात. प्रत शुक्रवारी मिळाली तर मुदत मंगळवारी मध्यरात्री संपते. हा हक्क फक्त खरेदीदाराला आहे. करार डचमध्ये असतो. भाषांतरावर विसंबून सही करत असाल तर प्रत मिळाल्याची वेळ नोंदवून ठेवा आणि या तीन दिवसांत डच वाचणाऱ्या वकिलाकडून शेवटची पानं, म्हणजे खास अटी, वाचून घ्या. घराच्या वयाचं कलम, ॲस्बेस्टॉसचं कलम, ‘विक्रेता इथे स्वतः राहिलेला नाही’ हे कलम तिथेच असतात. विक्रेत्याला माहीत असलेले दोष सांगायला कायदा लावतो, पण शोधण्याची जबाबदारी तुमच्यावरही टाकतो, आणि ही कलमं तुमचं पारडं हलकं करतात.

हस्तांतरणाला चार-पाच महिने असतील तर नोटरीला करार सार्वजनिक नोंदवहीत नोंदवायला सांगा. त्याने सहा महिने संरक्षण मिळतं. मधल्या काळात विक्रेत्यावर जप्ती आली तरी तुमचा व्यवहार अडत नाही. 10 टक्के अनामत रोख न देता बँक हमीने देता येते, खर्च हमीच्या रकमेच्या साधारण एक टक्का.

‘कोस्टन कोपर’ (खर्च खरेदीदाराचा) विक्रीत नोटरी तुम्ही निवडता. डच नीट समजत नसेल तर सहीच्या वेळी दुभाषा लावणं नोटरीला भाग आहे. छोट्या गावात तो दोन दिवसांत मिळत नाही, म्हणून तारीख ठरतानाच सांगा. सहीच्या दिवशी सकाळी घराची शेवटची पाहणी असते. ती दहा मिनिटांत उरकू नका. शेड रिकामी आहे का, कुरणाच्या कोपऱ्यात जुने टायर, सायलेजचं प्लास्टिक किंवा पिंपं टाकलेली नाहीत ना, ते चालत जाऊन बघा. अमली पदार्थांच्या प्रयोगशाळांचा कचरा ब्राबांटच्या शेतांवर टाकला जातो, आणि तो काढायची जबाबदारी आधी जमीनमालकावर येते. काही सापडलं तर सही करण्याआधी नोटरीकडे लेखी नोंद करून रक्कम रोखून धरता येते. सहीनंतर फक्त पत्रव्यवहार उरतो.

राहायला गेल्यावर पाच दिवसांत खेमेंतेकडे पत्ता बदला, चावी घेतानाच मीटरचे आकडे दोघांच्या सहीने लिहून घ्या, आणि वॉटरस्खापच्या (जलमंडळाच्या) नकाशावर तुमच्या हद्दीवरचा चर शोधा. तो देखभालीच्या यादीत असेल तर दर शरद ऋतूत तुमच्या बाजूचं गवत आणि गाळ तुम्हालाच काढायचा असतो. पाहणीला तो तुंबलेला सापडला तर जलमंडळ काम करून घेतं आणि बिल तुम्हाला पाठवतं. गावातला एखादा कंत्राटी ट्रॅक्टरवाला एका फेरीत सगळ्यांचे चर साफ करतो. शेजाऱ्यालाच विचारा, त्याच्या यादीत नाव घालून मिळतं.